अक्षरं येतात, पण वाचता येत नाही: नेमकं कुठे अडतंय ते कसं शोधायचं

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन तुमच्या घरात दिसत असतील तर पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- मूल 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत घडाघडा म्हणतं, पण मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवलं तर पुन्हा 'क'पासून म्हणत तिथपर्यंत यावं लागतं.
- आवडतं पुस्तक न अडखळता वाचतं. तेच शब्द वहीत लिहून दिले की गप्प.
- पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द ठोकून देतं. 'कागद' लिहिलेलं असतं तिथे 'कावळा'.
- सुटी अक्षरं बरोबर सांगतं: ग, व, त. "मग शब्द काय झाला?" विचारलं की तुमच्या तोंडाकडे बघतं.
- वेलांट्या, उकार, मात्रा गाळतं. 'मीठ'चं 'मठ' होतं, 'चूल'चं 'चल'.
- ओळ वाचून होते, पण काय वाचलं ते सांगता येत नाही.
- वाचायला बस म्हटलं की लगेच तहान लागते, शू लागते, पोटात दुखतं.

मी घरी मुलांना वाचायला बसवते त्याला बरीच वर्षं झाली. नात्यातली, ओळखीतली, ओळखीच्यांनी पाठवलेली मुलं येतात. मुलं वेगळी, घरं वेगळी, पण पालकांचं वाक्य तेच: "अक्षरं सगळी येतात हो, पण वाचतच नाही." मग पुढचं वाक्य येतं, "लक्षच देत नाही" किंवा "आळशी आहे." या दुसऱ्या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही. वाचन म्हणजे एकावर एक रचलेल्या सात-आठ कौशल्यांचं काम आहे. त्यातलं एखादं कच्चं राहिलं की वरचं सगळं डगमगतं आणि बाहेरून ते आळसासारखं दिसतं. 'वाचत नाही' एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठल्या पायरीवर अडतंय ते सापडलं की निम्मं काम झालं.

एक गोष्ट आधीच सांगते. चार वर्षांचं मूल वाचत नाही हा बिघाड नव्हे. पाच वर्षांचं वाचत नसेल तरी घाबरण्यासारखं काही नाही. गोष्टी ऐकवत राहा, आवाजांचे खेळ खेळत राहा. खालच्या तपासण्या साधारण सहा वर्षांच्या पुढच्या, काही महिने अक्षरं शिकून झालेल्या मुलांसाठी आहेत.

तपासण्या क्रमानेच करा, सोप्याकडून अवघडाकडे. एका दिवशी एकच. जिथे मूल अडेल तिथेच थांबा. तिथलं पक्कं झाल्याशिवाय पुढची पायरी तपासण्यात अर्थ नाही, कारण पुढे ते अडणारच आहे.

वेळ, जागा आणि छपाई

यात पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात इथून. दिवसभराची शाळा, खेळणं, जेवण सगळं उरकून रात्री डोळे मिटायला आले असताना वाचायला बसवत असाल तर वेळ बदला. १० मिनिटं पुरे, पण रोज. आठवड्यातून एकदा तासभर बसवल्याने काही हाती लागत नाही. टीव्ही बंद, उजेड पुस्तकावर, आणि तुम्ही समोर नाही तर शेजारी, म्हणजे दोघांनाही अक्षरं सरळ दिसतील.

छपाईकडे मात्र नीट बघा, कारण इथे एक गंमत फार जणांच्या ध्यानात येत नाही. २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपं ठरवून दिली, पण मोबाइल आणि संगणकाच्या बऱ्याच फॉन्टमध्ये ही दोन्ही अक्षरं हिंदी वळणाची येतात. पाठ्यपुस्तकात एक 'ल', तुम्ही घरी छापून आणलेल्या कागदावर दुसराच. तुम्हाला फरक जाणवतही नाही. मुलासाठी ते नवं अक्षर असतं. 'ल' आणि 'श' असलेल्या शब्दांवरच गाडी थांबत असेल तर हे आधी तपासा. अक्षरं मोठी हवीत, शब्दांमध्ये मोकळी जागा हवी, आणि एका पानावर दोन-तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर सुरुवातीला नको.

वाचतंय की आठवतंय?

आवडतं पुस्तक घ्या आणि चित्र हाताने झाका. मग ओळीतला शेवटचा शब्द वाचायला सांगा, मग त्याच्या आधीचा, असं उलटं या. खरोखर वाचणारं मूल थोडं हळू होईल, पण वाचेल. पाठ झालेलं मूल मनातल्या मनात ओळ सुरुवातीपासून म्हणून तिथपर्यंत येईल, नाहीतर अंदाज करेल.

पाठ होणं वाईट नाही. गोष्ट आवडली म्हणून ती पाठ झाली, आणि भाषा अशीच मुरते. ते पुस्तक काढून घेऊ नका. फक्त वाचन येतंय की नाही हे त्या पुस्तकावरून ठरवू नका. पुढच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या कागदावर, चित्राशिवाय, तुम्ही हाताने लिहिलेल्या शब्दांवर करा.

कान आणि डोळे

मुलाच्या पाठीमागे उभे राहा, तुमचं तोंड दिसू देऊ नका, आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात एकेक शब्द म्हणा: गार, घार. ताट, थाट. पान, भान. मुलाने तो तसाच परत म्हणायचा. एखाददुसरा चुकला तर काही नाही. जोड्यांवर जोड्या चुकत असतील, किंवा एरवीही मूल सारखं "काय?" विचारत असेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, सर्दी महिनोन्महिने जात नसेल, तर पुढच्या तपासण्या बाजूला ठेवून आधी कानाच्या डॉक्टरांकडे जा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून राहणं लहान मुलांत नेहमीचं आहे. दुखत नाही, म्हणून कळत नाही. ऐकू येणं कधी बरं, कधी कमी, असं होत राहतं आणि मूल 'लक्ष न देणारं' ठरतं. 'ग' आणि 'घ' ज्याला वेगळे ऐकूच येत नाहीत, त्याला ते वेगळे वाचता कसे येणार?

डोळ्यांचं तसंच. पुस्तक नाकाशी धरणं, एक डोळा झाकणं, मान तिरकी करून बघणं, डोळे चोळणं, वाचल्यावर डोकं दुखणं, यातलं काही दिसलं तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. घरातली ही तपासणी म्हणजे डॉक्टरी तपासणी नव्हे. जावं की नाही एवढंच तिच्यावरून ठरवायचं.

पुस्तक बंद, फक्त आवाज

ही पायरी शाळेत आणि घरी दोन्हीकडे सुटते, आणि मला सगळ्यात जास्त वेळा बिघाड सापडतो तो इथेच. अक्षरं पुढ्यात न ठेवता, नुसत्या तोंडी प्रश्नांनी तपासा.

"बाहुली" म्हणा आणि तुकडे करून टाळ्या वाजवायला सांगा. बा, हु, ली. मग टोपी, पाणी. सुरुवातीला असेच स्वच्छ तुटणारे शब्द; सायकल नको, घसरगुंडी नको. मग उलटं करा. तुम्ही तुकडे म्हणा, मध्ये थांबत: "गा... डी." शब्द कुठला? "खि... ड... की"? मग थोडं अवघड: 'बाहुली'तला 'बा' काढला तर काय उरलं? 'टोपी'तल्या 'टो'च्या जागी 'सो' घातला तर? आणि शेवटी: 'मासा'च्या सुरुवातीला जो आवाज आहे तोच आणखी कुठल्या शब्दाच्या सुरुवातीला आहे?

ज्या मुलाला "गा... डी" जोडून 'गाडी' ऐकू येत नाही, त्याच्यापुढे कागदावर ग, काना, ड, वेलांटी ठेवून काही होणार नाही. बोललेला शब्द तुकड्यांचा बनलेला असतो हेच त्याला अजून जाणवलेलं नाही. त्याला शब्द म्हणजे अर्थ: गाडी म्हणजे चाकं असलेली, पळणारी वस्तू. त्या शब्दाला आवाज आहेत, ते सुटे करता येतात, हे कुणीतरी कानावर घालावं लागतं.

यावर उपाय फुकट आहे आणि मजेचा आहे. भेंड्या. यमकं जुळवणं. "मला एक वस्तू दिसतेय, तिच्या सुरुवातीला 'खु' आहे." चालताना, आंघोळ घालताना, भाजी निवडताना. इथे अडलेल्या मुलाला दोन-तीन आठवडे अक्षरं दाखवूच नका, नुसते हे खेळ खेळा. पालकांना हे पटायला जड जातं. वेळ वाया जातोय असं वाटतं. जात नाही.

'क' म्हणजे 'कमळाचा'?

आता अक्षरांकडे. चिठ्ठ्यांवर अक्षरं लिहा, पिसा, आणि एकेक दाखवा. दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा: मूल नेमकं काय म्हणतं, आणि किती वेळ घेतं.

'क' दाखवल्यावर "क कमळाचा" असं आलं तर अडचण तिथेच आहे. 'कप' हा शब्द दाखवा. "क कमळाचा, प पतंगाचा" असं येईल आणि मग शब्द विचारल्यावर 'कमळ' किंवा 'पतंग' येईल. मुलाने काही चुकवलेलं नाही. त्याला अक्षरासोबत चित्र शिकवलं, त्याने चित्र परत दिलं. चित्रांचा तक्ता महिनाभर भिंतीवरून काढा. 'क' दाखवला की फक्त आवाज, तोही तोडून आणि छोटा. हे लवकर सुटतं.

वेळेचंही तसंच महत्त्व आहे. अक्षर आठवायला मुलाला तीन-चार सेकंद लागत असतील तर ते अक्षर 'येतं' असं धरू नका. तिसऱ्या अक्षराशी पोहोचेपर्यंत पहिलं डोक्यातून निसटलेलं असतं, मग जोडणार काय? चिठ्ठी वर केली की आवाज यायला हवा.

सारखी दिसणारी अक्षरं वेगळी काढा: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य. 'ख' तर कितीतरी मुलं 'रव' वाचतात, आणि त्यांचं चूक नाही, तो तसाच दिसतो. ही अक्षरं शेजारी शेजारी ठेवून "बघ, यात गाठ आहे, यात नाही" असं समजावलं तर गोंधळ वाढतो. एक आधी पूर्ण पक्कं करा, मध्ये दुसरी चार अक्षरं जाऊ द्या, मग त्याचं जुळं आणा. आठवडाभराच्या अंतराने आलेली जुळी भांडत नाहीत.

जोडणी: 'कमळ' दिसतं तेवढं सोपं नाही

सुटी अक्षरं लख्ख येतात, पण शब्द होत नाही. इथे मूल अडलं की बहुतेक पालक त्याला आणखी 'सोपे' शब्द देतात: नळ, बदक, कमळ, गवत. काना-मात्रा नाही म्हणजे सोपे, असा हिशोब.

पण हे शब्द मोठ्याने म्हणून बघा. 'नळ' आपण 'न-ळ' असं दोन पूर्ण अक्षरांत म्हणत नाही. शेवटच्या 'ळ'मधला 'अ' गिळतो, नळ्. 'कपडा' म्हणताना 'कप्-डा' म्हणतो, 'करवत' म्हणताना 'कर्-वत्'. लिहिलेलं एक आणि म्हणायचं थोडं वेगळं. मराठी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हे जाणवतच नाही, कारण शब्द आधीच माहीत असतो. मूल बिचारं प्रामाणिकपणे 'क... म... ळ' असं प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणतं, आणि कानावर जे पडतं ते त्याने कधी ऐकलेल्या शब्दासारखं नसतं. म्हणून ते तुमच्या तोंडाकडे बघतं.

म्हणून जोडणी शिकवायची ती 'कमळ'वर नाही. मामा, काका, बाबा, दादा, मग काटा, वारा, मासा, तारा. यात जसं लिहिलं तसंच म्हणायचं, कुठे काही गिळायचं नाही. त्यासाठी अर्थातच काना लवकर शिकवावा लागतो, सगळी व्यंजनं संपायची वाट न बघता. पाच-सहा अक्षरं आणि काना एवढ्या भांडवलावर शब्द वाचता येतात, आणि पहिला शब्द स्वतःचा स्वतः वाचल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं त्याने पुढचे कितीतरी दिवस निभतात.

जोडताना थांबू देऊ नका. "मा... सा" असं तोडण्यापेक्षा "माऽऽसा", आवाज ओढत पुढच्या अक्षरावर जायचं. बोट शब्दाखालून सरकत राहू द्या, अक्षरागणिक टेकवू नका. म, न, स, ल, र हे आवाज ओढता येतात, म्हणून सुरुवातीचे शब्द यांचे घ्या. ट, प, ग ओढता येत नाहीत, ते नंतर.

मग दोन अक्षरी बिनकान्याचे: घर, नळ, बस. इथे नियम सांगायची गरज नाही. मुलाला 'घ-र' म्हणू द्या आणि विचारा, "असं काही ऐकलंय का कधी?" ते स्वतःच 'घर' म्हणेल. वाचलेला आवाज ओळखीच्या शब्दाशी जुळवून थोडा वाकवणं हेही एक कौशल्य आहे, आणि ते बोलण्यातला शब्दसाठा मोठा असेल तरच जमतं. 'चाक' आणि 'चार' यांतला 'च' वेगळा म्हणायचा हे पुस्तक सांगत नाही, कानच सांगतो.

बाराखडी पाठ आहे, पण मात्रा येत नाहीत

हा सगळ्यात चिवट बिघाड, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

एक सात वर्षांची मुलगी माझ्याशेजारी बसून 'पिशवी' वाचत होती. बोट शब्दाखाली. "प ला पहिली वेलांटी पि." बोट पुढे. "श." बोट पुढे. "व ला दुसरी वेलांटी वी." मग थांबली. मी विचारलं, सगळं मिळून काय? ती म्हणाली, "वेलांटी." तिची एकही चूक नव्हती. पण तीन अक्षरी शब्दासाठी तिने अठरा-एकोणीस आवाज तोंडातून काढले होते, आणि त्या गर्दीत पि, श, वी हे तीन कामाचे आवाज हरवून गेले होते.

'प ला पहिली वेलांटी पि' हे लिहिताना उपयोगी पडतं, शुद्धलेखन सांगताना तर हवंच. वाचताना ते ओझं आहे. तुमचं मूल असं म्हणत असेल तर आजपासून वाचताना ते बंद करा. चिन्ह दिसलं की थेट 'पि'.

आता तपासा. बाराखडी चालीवर म्हणायला लावू नका, कारण चाल सगळं झाकते. कागदावर विस्कटून लिहा: टो, मी, लू, के, नि, सौ, दा, गु. अर्थ नसलेलेच ठेवा, म्हणजे अंदाज करता येणार नाही. कुठली मात्रा चुकते त्यावर खूण करा. सगळ्या चुकत नाहीत. ३४ व्यंजनं गुणिले १२ रूपं म्हणजे ४०८. पालक हा आकडा बघून हबकतात आणि सगळी बाराखडी पुन्हा घोकून घेतात. पण मुलाला ४०८ गोष्टी शिकायच्या नसतात. चुकणारी चिन्हं सहसा तीन-चारच असतात.

चुका कुठे होतात तेही बहुधा ठरलेलं आहे. पहिली वेलांटी पहिल्या क्रमांकावर. ती अक्षराच्या आधी लिहिलेली दिसते आणि म्हणायची नंतर. डावीकडून उजवीकडे वाचायला आत्ताच शिकलेल्या मुलाला 'कि' हे 'इ'नंतर 'क' असं दिसतं, म्हणून ते गडबडतं किंवा वेलांटी मागच्या अक्षराला चिकटवतं. 'को' आणि 'कौ'मध्ये काना दिसला की मूल 'का' म्हणून मोकळं होतं, वरची मात्रा नजरेत यायच्या आतच. उकार खाली असतो, आणि मुलं खाली बघतच नाहीत. अनुस्वार इतका बारीक की तो सुटतोच. शिवाय 'पंखा', 'चंदन' आणि 'आंबा' या तिन्हींत त्याचा आवाज वेगळा.

उपाय: बाराखडी आडवी न शिकवता उभी शिकवा. 'क का कि की' असं एका व्यंजनाची बारा रूपं नकोत. एक मात्रा घ्या आणि ती वेगवेगळ्या व्यंजनांना लावा: कि, मि, दि, लि, टि. आठवडाभर फक्त ती मात्रा असलेले शब्द. मात्रेचा आवाज म्हणून ती ओळखीची झाली की ती कुठल्याही व्यंजनावर चालते. चालीत पाठ केलेली बाराखडी तसं चालू देत नाही. तिथे 'टी'पर्यंत यायला 'ट टा टि'मधून जावं लागतं. मग जोड्यांमध्ये ऐकवा आणि वाचायला द्या: मठ, मीठ, मोठा. चल, चूल. मात्रा बदलली की अर्थ बदलतो हे मुलाला दिसलं की ते स्वतःहून मात्रेकडे बघायला लागतं.

चिन्हांना रंग द्या हवं तर, वेलांट्या लाल, उकार निळे. पण दोन आठवड्यांनी रंग काढा, नाहीतर मूल रंगच वाचतं.

आणि घाई करू नका. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. आपल्यासारखीच मात्रा आणि जोडाक्षरांची लिपी. तिथे अक्षरांवर पूर्ण पकड येण्याचं काम चौथीपर्यंत चालू राहतं असं दिसलं. पहिलीतल्या मुलाला 'कौ' आला नाही म्हणून कुणी रडवू नये.

जोडाक्षरं

मात्रा पक्क्या होईपर्यंत इकडे येऊच नका. आलात की आधी आडवी जोडणी: रस्ता, पुस्तक, दप्तर. अर्ध्या अक्षरावर तोडून दाखवा, रस्-ता, पुस्-तक, म्हणजे अर्ध्या अक्षराचा आवाज मागच्याला टेकतो हे कळतं. 'क्ष', 'ज्ञ', 'द्य', 'द्ध' फोडून दाखवण्यात फायदा नाही, ती नवी अक्षरं म्हणूनच शिकवा.

'र'ला वेगळा वेळ द्या. 'गर्दी'त तो 'द'च्या डोक्यावर बसलेला दिसतो पण म्हणायचा 'द'च्या आधी: गर्-दी. 'चक्र' आणि 'ट्रक'मध्ये तो खाली लटकतो आणि नंतर म्हणायचा. 'वाऱ्यावर'मधला तर तिसराच. तिन्ही एकाच दिवशी दाखवले तर तिन्ही जातात.

वाचतं, पण कळत नाही

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं: समजून वाचणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार असल्याने दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. घरी तपासायचं तर तोच उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि प्रश्न विचारा. ऐकून कळलं पण स्वतः वाचून कळलं नाही, तर सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जातेय. तोच छोटा उतारा तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचू द्या, वेग येईल. ऐकूनही कळलं नाही, तर वाचनाचा दोष नाही. त्या मुलाशी जास्त बोला, जास्त गोष्टी सांगा, आणि उतारा सोपा घ्या.

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

काही गोष्टी दिसल्या तर एक आठवडाही वाट बघू नका: येत असलेली अक्षरं किंवा शब्द मूल विसरायला लागलं, बोलताना किंवा वाचताना मध्येच काही क्षण शून्यात बघत राहतं आणि हाक ऐकू येत नाही, ऐकू कमी येतंय किंवा नीट दिसत नाही असं वाटतं. आधी बालरोगतज्ज्ञ. चार वर्षांच्या पुढच्या मुलाचं बोलणं परक्या माणसाला कळत नसेल तर वाक्‌-श्रवण तज्ज्ञ.

बाकी मुलांसाठी माझा हिशोब असा. जिथे अडलं त्या पायरीवर रोज १० मिनिटं, न रागावता, तीन महिने काम करा. हळूहळू का होईना पुढे सरकत असेल तर चालू ठेवा. रोज करूनही तिथल्या तिथेच असेल, आज आलेलं अक्षर उद्या नवं वाटत असेल, वय सात-आठ झालं असेल, घरात आई-वडील, मामा, आत्या कुणाला लहानपणी वाचायला फार जड गेलेलं असेल, तर घरचे प्रयोग थांबवून शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचायला शिकण्यातली खास अडचण, असेल तर तो बुद्धीचा दोष नाही, आणि योग्य पद्धतीने शिकवलं तर ही मुलं वाचायला शिकतात. अक्षरं उलटी लिहिणं एवढ्यावरून मात्र तो ठरवू नका. सहा-सात वर्षांपर्यंत ते सर्रास दिसतं. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम असले उपाय कुणी सुचवले तर पैसे घालू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने इतर संस्थांसोबत २००९ मध्ये काढलेल्या निवेदनात अशा उपायांना शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं आहे.

आणि वाचनाच्या वेळी मूल रडतं, तुम्ही ओरडता, हे रोजचंच झालं असेल तर वरचं काहीही लागू नसलं तरी थांबा. दुसऱ्या कुणाला शिकवू द्या: आजी, काका, शेजारची ताई.

तज्ज्ञांकडे जाताना वही घेऊन जा. "वाचत नाही" एवढंच सांगू नका. विस्कटलेल्या चिठ्ठ्यांतली कुठली अक्षरं चुकली, कुठल्या मात्रा, "गा... डी" जोडता आलं का, ऐकून गोष्ट कळते का, कानाची आणि डोळ्यांची तपासणी कधी झाली, हे तारखेसह लिहिलेलं असलं की त्यांना कुठून सुरुवात करायची ते लगेच कळतं. तपासणीची वेळ मिळेपर्यंत मुलाला वाचायला लावू नका. रोज रात्री तुम्हीच त्याला वाचून दाखवा.